मूल घेऊन गाव सोडताना

जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात चौथीतल्या एका मुलीची आई दाखला मागायला आली. तिला पुण्यात एका दवाखान्यात नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी मुलीचे अब्बा आले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून रात्रपाळी संपवून थेट. केसांत सुताचे तंतू तसेच. "मॅडम, दाखला देऊ नका. पुण्याला गेली की माझी मुलगी गेली."

खुला होऊन तीन वर्षे झाली. मुलगी आईकडे आणि कारखान्याच्या सुट्टीला अब्बांकडे, असे दोघांनी कोर्टात लिहून दिलेले आहे.

दाखला अडवणे शाळेच्या हाती नसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो. पण दाखला मिळाला म्हणजे मूल नेण्याची परवानगी मिळाली, असे नाही. ज्या कोर्टात ठरले, तिथेच ते बदलून घ्यावे लागते, आणि तेही जाण्याआधी.

शरीअत काय म्हणते, हा प्रश्न आपल्या घरांत लगेच निघतो. हनफी मसलकात मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानत आईकडे, वली मात्र बाप, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' ग्रंथात तलाकनंतर आईने मूल परगावी नेण्यावर बंधन आहे. जिथे निकाह झाला त्या तिच्या स्वतःच्या गावी मात्र ती नेऊ शकते. आणि बापाला मुलाला भेटून रात्री आपल्या घरी परतता येईल एवढेच अंतर असेल, तरीही हरकत नाही. अंतर कोसांत मोजलेले नाही, बापाच्या जाण्यायेण्यात मोजले आहे. मला ही मोजपट्टी फार शहाणी वाटते. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघालेला माणूस पुण्यात मुलीला भेटून त्याच रात्री सोलापुरात येतो. पण आठवड्याच्या एकुलत्या सुट्टीचे निम्मे तास गाडीत जातात, आणि तिकीट कोणी काढायचे?

1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय मुलाचे हित पाहते. मूल समजते असेल तर त्याची इच्छाही. जुलै 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. भारती डांगरे यांच्यापुढे पुण्याच्या एका अभियंता आईचे प्रकरण आले. कंपनी तिला पोलंडला पाठवत होती, वडिलांचा मुलीला नेण्यास विरोध होता आणि कौटुंबिक न्यायालयाने नकार दिला होता. उच्च न्यायालयाने परवानगी दिली, पण सुट्टीत मुलीला भारतात आणून वडिलांना भेटवण्याचेही बंधन घातले. आईची नोकरी आणि बापाची भेट, दोन्ही वजनात घेतली गेली.

आमच्या शिक्षक-खोलीत दोघे समोरासमोर बसले तेव्हा पहिला अर्धा तास जुनी भांडणेच निघाली. मी चहा मागवला आणि वही उघडली. मग एकेक ठरत गेले. महिन्यातून एकदा अम्मीने सोलापुरात आणायचे, एकदा अब्बांनी पुण्याला जायचे, तिकीट निम्मे-निम्मे. रमजान ईद इकडे, बकरी ईद तिकडे. फोनची वेळ कारखान्याची पाळी बघून. उन्हाळ्याच्या सुट्टीवर बराच वेळ अडले, शेवटी महिनाभर अब्बांकडे. शेजारी बसलेल्या मुलीने तेवढ्यात विचारले, "अब्बा रात्रपाळीला गेल्यावर मी कुणाजवळ झोपू?" याचा विचार दोघांनीही केला नव्हता. दादीकडे, असे लिहिले.

वकिलांनी त्यावरून अर्ज तयार करून कोर्टात दिला आहे. दाखला लिहून तयार आहे. आईने तो अजून नेलेला नाही.