पडद्यामागची तिजोरी

रियाध : 8 डिसेंबर 2025 रोजी पॅरामाउंट स्कायडान्स या अमेरिकी कंपनीने वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी विकत घेण्यासाठी थेट भागधारकांपुढे बोली ठेवली. तीनच दिवस आधी वॉर्नरच्या संचालक मंडळाने नेटफ्लिक्सशी करार केला होता. त्यात स्टुडिओ आणि एचबीओ मॅक्स यांची किंमत कर्जासकट 82.7 अब्ज डॉलर धरली होती आणि दर समभागाला 27.75 डॉलर मिळणार होते. पॅरामाउंटने 30 डॉलर रोख देऊ केले आणि सीएनएनसह सगळी कंपनी मागितली. त्यामुळे कर्जासकट किंमत 108.4 अब्ज डॉलरवर गेली. एवढा पैसा उभा करणाऱ्यांत पॅरामाउंटचे मालक एलिसन कुटुंब आणि रेडबर्ड ही गुंतवणूक कंपनी यांच्या जोडीला आखातातले तीन सरकारी निधी होते : सौदी अरेबियाचा पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड, कतारचा गुंतवणूक निधी आणि अबू धाबीची लिमाद होल्डिंग. तिघांचे मिळून सुमारे 24 अब्ज डॉलर. एवढे पैसे ओतूनही तिघांनी कारभारातले अधिकार सोडून दिले आणि संचालक मंडळावर एक जागासुद्धा मागितली नाही.

सौदी अरेबियात प्रसारमाध्यमांच्या मालकीचा इतिहास बरोबर याच्या उलट आहे. तिथे आधी खासगी मालकांची चढाओढ झाली, मग सगळ्या वाटा एका तिजोरीपाशी आल्या आणि तिजोरीबरोबर हुकूमही आला.

या इतिहासाची सुरुवात 1990 च्या ऑगस्टमध्ये होते. इराकने कुवेत गिळले, तरी सौदी वृत्तपत्रांनी ती बातमी दोन-तीन दिवस दाबून ठेवली. युद्ध सुरू झाल्यावर जगाने, आणि ज्यांना शक्य होते त्या सौदींनीही, ते सीएनएनवर पाहिले. अरबीतून बोलणारी आपली वाहिनी हवी, हे त्यातून पटले. 1991 मध्ये वलीद अल-इब्राहीम यांनी लंडनमधून एमबीसी सुरू केली. ते राजे फहद यांचे मेहुणे. 1993 मध्ये जेद्दाचे उद्योगपती शेख सालेह कामेल यांची एआरटी आली. 1994 मध्ये सौदी अल-मवारिद समूहाची ऑर्बिट रोममधून सुरू झाली. गायक आणि गाण्यांच्या हक्कांवर उभी राहिलेली रोताना ही कंपनी पुढे राजपुत्र अल-वलीद बिन तलाल यांच्या हाती आली.

यातली एकही वाहिनी रियाधमधून चालत नव्हती. पैसा सौदी, प्रेक्षक सौदी, पण स्टुडिओ लंडन, रोम नाही तर कैरोत. या उपग्रह वाहिन्या पाहण्यासाठी गच्चीवर तबकडी बसवण्यावर 1994 मध्ये सरकारने बंदी घातली. तबकड्या मात्र उतरल्या नाहीत. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांशेजारी त्या वाढतच गेल्या. धर्ममार्तंडांना दुखवायचे नाही आणि प्रेक्षकही हातचा जाऊ द्यायचा नाही, असा कागदावरच्या बंदीचा तो तोडगा होता.

या चढाओढीतला सर्वांत मोलाचा माल इजिप्तमध्ये होता. अरबी सिनेमाचे हॉलिवूड म्हणजे कैरो. 1950-60 च्या दशकांतल्या तिथल्या चित्रपटांवर तीन पिढ्या वाढलेल्या. वाहिन्यांना चोवीस तास दाखवायला काहीतरी लागते, म्हणून एआरटी आणि रोताना यांनी या चित्रपटांचे हक्क आणि मूळ निगेटिव्ह विकत घ्यायला सुरुवात केली. निर्मात्यांच्या वारसांना रोख रक्कम हवीच होती. अरबी सिनेमाचा मोठा ठेवा असा सौदी कपाटांत गेला आणि कैरोत त्यावरून बरीच आरडाओरड झाली. एमबीसीने दुसरी वाट धरली. 2002 मध्ये ती लंडनहून दुबईला आली, 2003 मध्ये तिने कतारच्या अल-जझीराला उत्तर म्हणून अल-अरेबिया काढली आणि 2008 मध्ये ‘नूर’ नावाने एक तुर्की मालिका सीरियन बोलीत डब करून दाखवली. मालिका इतकी गाजली की सौदी मुफ्तींनी तिच्यावर जाहीर टीका केली. 2013 मध्ये हिंदी चित्रपट-मालिकांसाठी एमबीसी बॉलिवूड ही स्वतंत्र वाहिनीही आली.

खासगी मालकाला किती मोकळीक आहे, हे 2015 मध्ये दिसले. अल-वलीद बिन तलाल यांनी बहारीनमधून अल-अरब ही वृत्तवाहिनी सुरू केली. तिचे प्रमुख होते पत्रकार जमाल खशोगी. पहिल्याच दिवशी बहारीनमधल्या विरोधी पक्षाच्या एका नेत्याची मुलाखत गेली आणि चोवीस तासांच्या आत वाहिनी बंद पडली.

4 नोव्हेंबर 2017 च्या रात्री चढाओढीचा हा काळ संपला. भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत राजपुत्र, मंत्री आणि उद्योगपती ताब्यात घेऊन रियाधच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात ठेवले गेले. एमबीसीचे अल-इब्राहीम, रोतानाचे अल-वलीद आणि एआरटीचे कामेल हे तिघेही ताब्यात घेतलेल्यांत होते. पंचवीस वर्षे एकमेकांचे प्रेक्षक पळवणारे मालक एकाच मोहिमेत अडकले. पुढच्या जानेवारीत, तडजोडींतून 400 अब्ज रियालहून अधिक मालमत्ता सरकारजमा होणार असल्याचे महाधिवक्त्यांनी सांगितले. कोणी काय दिले, याचा तपशील जाहीर झाला नाही. अल-इब्राहीम सुटले आणि अध्यक्षपदी परतले. कंपनीत मात्र सरकारच्या इस्तिदामा होल्डिंगकडे 60 टक्के हिस्सा गेला होता आणि त्यांच्याकडे 40 टक्के उरला होता. मार्च 2018 मध्ये तुर्कस्तानशी संबंध ताणलेले असताना एमबीसीवरच्या तुर्की मालिका एका रात्रीत बंद झाल्या. पुढे मुख्यालयही दुबईहून रियाधला हलले.

पुढचे व्यवहार बाजाराच्या रीतीने झाले. जानेवारी 2024 मध्ये एमबीसी रियाधच्या तदावुल या शेअरबाजारात दाखल झाली; त्यासाठी 10 टक्के समभाग दर समभाग 25 रियाल भावाने विकून 83.1 कोटी रियाल उभे केले होते. इस्तिदामाकडे 54 टक्के राहिले, अल-इब्राहीम यांच्याकडे 36 टक्के. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाने इस्तिदामाचा सगळा हिस्सा 41.60 रियाल भावाने घ्यायचे ठरवले : 7.47 अब्ज रियाल, म्हणजे जवळपास 2 अब्ज डॉलर. देणारे सरकारच, घेणारेही सरकारच. या भावाने अरब जगातल्या सर्वांत मोठ्या वाहिनी समूहाची किंमत 3.7 अब्ज डॉलरच्या आसपास येते. वॉर्नरसाठीची बोली तिच्या जवळजवळ तीसपट होती.

हा फंड 1971 चा. आधी तो अर्थखात्याच्या हाताखालचा एक निधी होता. 2015 मध्ये तो राजपुत्र मोहम्मद बिन सलमान यांच्या अध्यक्षतेखालील आर्थिक परिषदेकडे आला आणि 2016 च्या ‘व्हिजन 2030’ आराखड्याचे मुख्य हत्यार बनला. तेलाखेरीज दुसरे उत्पन्न शोधणे हा आराखड्याचा गाभा, आणि करमणूक हा त्यातला एक धंदा. 2022 च्या जनगणनेत सौदी नागरिकांपैकी 63 टक्के तीस वर्षांखालचे निघाले. या तरुणांचा पैसा सुट्टीत बहारीन आणि दुबईत खर्च होई. तो देशातच राहावा म्हणून, पस्तीसेक वर्षे बंद असलेली चित्रपटगृहे 18 एप्रिल 2018 रोजी उघडली. रियाधच्या किंग अब्दुल्ला वित्तीय केंद्रात संगीतसभांसाठी बांधलेल्या सभागृहात ‘ब्लॅक पँथर’चा खेळ झाला. स्त्री-पुरुष एकत्र बसले होते.

मराठी वाचकाला हा फंड अगदीच परका नाही. जून 2020 मध्ये त्याने जिओ प्लॅटफॉर्म्सचा 2.32 टक्के हिस्सा 11,367 कोटी रुपयांना घेतला. हिस्सा लहान, कारभार अंबानींचा, नफ्यात वाटा. परदेशातल्या त्याच्या अनेक व्यवहारांची रीत हीच.

हॉलिवूडमध्ये ही रीत एकदा मोडून पडली होती. 2018 मध्ये फंडाने एन्डेव्हर या बड्या कलाकार-प्रतिनिधी कंपनीत 40 कोटी डॉलर गुंतवायचे ठरवले. 2 ऑक्टोबरला इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात खशोगींची हत्या झाली आणि 2019 मध्ये एन्डेव्हरने पैसे परत केले. सौदी पैसा नाकारण्याचे ते मोठे उदाहरण. ती अढी फार वर्षे टिकली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये फंडाने सिल्व्हर लेक ही गुंतवणूक कंपनी आणि गुंतवणूकदार जॅरेड कुश्नर यांच्या अ‍ॅफिनिटी पार्टनर्ससह इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही व्हिडिओ गेम कंपनी 55 अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. त्यातले 20 अब्ज जेपी मॉर्गनचे कर्ज. गेम कंपनीकडे बातम्या नसतात, म्हणून तिथे कंपनी पूर्ण विकत घेणेही चालते.

वॉर्नरच्या व्यवहारात मात्र बातम्या आहेत. अमेरिकेत टीव्ही प्रक्षेपणाचा परवाना असलेल्या कंपनीत परकी मालकी 25 टक्क्यांपुढे न्यायची तर दूरसंचार आयोगाची परवानगी लागते, आणि पॅरामाउंटकडे सीबीएस ही टीव्ही वाहिनी आहे. शिवाय राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने परकी गुंतवणूक तपासणारी समिती वेगळी. आखाती निधींना कारभारात हक्कच नसल्याने हा व्यवहार त्या समितीच्या कक्षेत येत नाही, असा पॅरामाउंटचा युक्तिवाद होता. संचालक मंडळावरची रिकामी ठेवलेली खुर्ची ही अशी परवानग्या सोप्या करण्यासाठी होती. सौदी आणि कतारी पैसा एका यादीत येणे हीसुद्धा लक्षात घेण्याजोगी गोष्ट. 2017 मध्ये रियाध आणि अबू धाबीने कतारची नाकेबंदी केली, तेव्हा अल-जझीरा बंद करा ही त्यांची एक मागणी होती. ती कोंडी 2021 मध्ये अल-उला येथील करारानंतर सुटली.

वॉर्नरच्या मंडळाने पॅरामाउंटला डिसेंबरात नकार दिला, जानेवारीतही दिला. पॅरामाउंटच्या बोलीत सामील असलेली अ‍ॅफिनिटी मधेच बाहेर पडली. एलिसन कुटुंबातले लॅरी एलिसन यांनी 40.4 अब्ज डॉलरची वैयक्तिक हमी दिली. फेब्रुवारी 2026 मध्ये बोली 31 डॉलरवर गेली, नेटफ्लिक्सने आणखी चढायला नकार दिला आणि वॉर्नर पॅरामाउंटकडे वळली.

डिसेंबरातल्या आराखड्याप्रमाणे सौदी फंडाच्या वाट्याला त्यात भांडवलाचा हिस्सा आणि नफा येतो. कोणता चित्रपट काढायचा, कोणती बातमी द्यायची, हे ठरवण्याचा हक्क येत नाही. एमबीसीत हिस्सा आणि हक्क हे दोन्ही त्याच्याकडे आहेत. आणि जिच्या बातम्या पाहून 1991 मध्ये एमबीसी काढावीशी वाटली, ती सीएनएनही वॉर्नरबरोबर याच सौद्याचा भाग आहे.