कड्यावरील सोबती : लांब पल्ल्याच्या प्रस्तरारोहणासाठी पाठपिशवीची निवड

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार निर्माण झाले. त्या पठाराची पश्चिम कडा म्हणजे सह्याद्री. उभे ताशीव कडे, मधूनमधून गवताळ पायऱ्या आणि आकाशात घुसलेले सुळके हे या डोंगररांगेचे वैशिष्ट्य होय. हरिश्चंद्रगडाचा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला कोकणकडा, खंडाळ्याजवळची नागफणी, रायगडाच्या परिसरातील लिंगाणा, तैलबैलाच्या दोन भिंती आणि जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका ही नावे महाराष्ट्रातील गिर्यारोहकांच्या परिचयाची आहेत. दार्जिलिंग येथे १९५४ साली हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि उत्तरकाशी येथे १९६५ साली नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग या संस्था स्थापन झाल्या. तेव्हापासून प्रशिक्षित तरुणांच्या पिढ्या घडत गेल्या आणि त्यांतील अनेकांनी सह्याद्रीच्या कड्यांवर आपले कौशल्य आजमावले.

या छंदाचा प्रसार आता शाळा-महाविद्यालयांपर्यंत आणि गडांच्या पायथ्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाविषयीचे धोरण जाहीर केले. त्यात प्रशिक्षित मार्गदर्शक आणि योग्य साधनसामग्री यांवर भर देण्यात आला आहे. दोर, शिरस्त्राण, कमरेचे हार्नेस आणि कॅराबिनर यांचे महत्त्व सर्वांना पटलेले असते. मात्र पाठीवरच्या पिशवीकडे, जिला गिर्यारोहक 'सॅक' म्हणतात, बहुधा दुर्लक्ष होते. घरात असेल ती शाळेची पिशवी किंवा आठवडाभराच्या प्रवासाची अवजड सॅक घेऊन मंडळी कड्याला भिडतात. त्याचे परिणाम पहिल्या शंभर फुटांत जाणवत नाहीत. ते दुपारी, पाणी संपल्यावर किंवा अंधार पडल्यावर जाणवू लागतात.

लांब मार्गाची गरज वेगळी

प्रस्तरारोहणात दोराच्या एका लांबीत चढता येणाऱ्या अंतराला टप्पा म्हणतात. सध्या वापरात असलेले दोर साधारणतः ५० ते ६० मीटर लांबीचे असतात. लहान कडा एका टप्प्यात संपतो. लांब मार्गात असे अनेक टप्पे येतात आणि पहाटे सुरू झालेली चढाई सायंकाळपर्यंत चालते. मध्येच खाली उतरून विसरलेली वस्तू आणता येत नाही. दिवसभराचे पाणी, अन्न, विजेरी, वाऱ्या-पावसापासून रक्षण करणारे कपडे आणि प्रथमोपचाराचे साहित्य बरोबरच न्यावे लागते.

याच्या उलट, पाठीवरचा प्रत्येक किलो आरोहकाला खडकापासून मागे ओढत असतो. सपाट वाटेवर दहा किलोंचे ओझे सहज पेलणारा तरुण उभ्या कड्यावर निम्म्या ओझ्यानेही थकतो, कारण तेथे शरीराचा भार हाताच्या बोटांवर आणि पायाच्या पंजांवर पडतो. म्हणून आवश्यक ते सर्व मावेल आणि अनावश्यक काही भरताच येणार नाही, अशा आकाराची सॅक हवी. मोठी सॅक अर्धी रिकामी नेता येईल, हा विचार व्यवहारात टिकत नाही. जागा असली की ती भरली जाते, आणि अर्धवट भरलेली सॅक चढताना पाठीवर हिंदकळून तोल बिघडवते.

आकाराचा हिशेब

दोघांची जोडी एका दिवसाच्या मार्गावर निघाली असे समजू. आघाडीचा आरोहक शक्य तितका मोकळा राहतो आणि दुसऱ्या क्रमांकावर, वरून दोराचे संरक्षण घेत येणारा आरोहक दोघांची मिळून एकच सॅक वाहतो. या सॅकमध्ये ३ लिटर पाणी, म्हणजेच ३ किलो वजन येते. भाकरी, गूळ-शेंगदाणे, खजूर अशा कोरड्या अन्नाचे सुमारे ७०० ग्रॅम, दोन हलक्या वातरोधक कपड्यांचे ६०० ग्रॅम, डोक्याला बांधायच्या दोन विजेऱ्यांचे २०० ग्रॅम, प्रथमोपचाराच्या साहित्याचे ३०० ग्रॅम, चाकू, शिट्टी आणि चिकटपट्टी यांचे २०० ग्रॅम आणि भ्रमणध्वनी व जादा बॅटरी यांचे ३०० ग्रॅम धरले, तर बेरीज ५ किलो ३०० ग्रॅम होते. सॅकचे स्वतःचे ७०० ग्रॅम मिळवले की एकूण भार ६ किलोंवर जातो.

आता जागेचा हिशेब करू. पाण्याला ३ लिटर, अन्नाला २, कपड्यांना ४, प्रथमोपचाराच्या साहित्याला २ आणि किरकोळ वस्तूंना २, असे १३ लिटर होतात. कडा चढून दुसऱ्या वाटेने चालत उतरायचे असेल तर चालण्याच्या बुटांचे दोन जोड बरोबर घ्यावे लागतात. त्यांना आणखी ६ लिटर जागा लागते. म्हणजे १८ ते २२ लिटर क्षमतेची सॅक दोघांच्या दिवसभराच्या गरजेला पुरेशी ठरते. बूट न्यायचे नसतील तर १५ लिटरही पुरतात. रात्रीचा मुक्काम असलेल्या मोहिमेचे सामान वेगळ्या मोठ्या पिशवीत भरून दोराने वर ओढून घेणे श्रेयस्कर असते.

बांधणी कशी असावी

कड्यावरील सॅक अरुंद असावी. तिची रुंदी खांद्यांच्या बाहेर गेली तर कोपर मागे नेताना अडथळा होतो आणि कोपऱ्यांवरचे कापड खडकाला घासते. तिची उंचीही बेताचीच हवी. शिरस्त्राण घालून वर पाहिले असता डोके सॅकवर आपटता कामा नये. आरोहकाला पुढची पकड शोधण्यासाठी सतत वर पाहावे लागते. मान वर करता न येणारा आरोहक अर्धा आंधळाच झालेला असतो.

कमरेचा रुंद, गादीदार पट्टा पायवाटेवर सुखाचा वाटतो. कड्यावर मात्र तो हार्नेसवर येतो आणि हार्नेसला अडकवलेली साधने झाकून टाकतो. म्हणून हा पट्टा साध्या अरुंद नवारीचा आणि काढून ठेवता येण्याजोगा असावा. छातीवरचा आडवा पट्टा मात्र उपयुक्त आहे. त्यामुळे खांद्याचे पट्टे घसरत नाहीत आणि हात मोकळे राहतात.

सॅकच्या माथ्यावर, पाठीकडच्या शिवणीत, एक भक्कम अडकवणी असावी. टप्प्याच्या शेवटी सॅक मेखेला टांगताना तिचाच आधार असतो. दोन भिंतींच्या मधल्या अरुंद फटीतून अंग घासत चढायचे असेल तेव्हा सॅक पाठीवर ठेवणे अशक्य होते. अशा वेळी आरोहक ती छोट्या दोराने हार्नेसला बांधून पायांखाली लोंबती ठेवतो. यासाठी एकच अडकवणी असण्यापेक्षा समोरासमोर दोन असणे अधिक चांगले. त्यामुळे भार विभागला जातो आणि सॅक सरळ लटकते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. दोर, हार्नेस, शिरस्त्राण आणि कॅराबिनर यांच्या बळकटीसाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. सॅकची अडकवणी त्या साधनांत मोडत नाही. तिने सॅकचा भार पेलावा. माणसाचा भार तिच्यावर कधीही टाकू नये.

सॅकचा बाह्य भाग जितका गुळगुळीत तितका बरा. जाळीचे कप्पे, लोंबणारे बंद आणि बाहेर अडकवलेल्या बाटल्या कारवीच्या झुडपांत आणि खडकाच्या कंगोऱ्यांत गुंततात. बाहेरची बाटली निसटली तर खाली थांबलेल्या सहकाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. जादा पट्ट्यांची टोके गुंडाळून पक्की करावीत. आतले अस्तर फिकट रंगाचे असल्यास संधिप्रकाशातही वस्तू चटकन सापडतात.

कापड, शिवण आणि चेन

जुन्या काळी कॅनव्हासच्या सॅक वापरीत. कॅनव्हास घर्षणाला चांगले टिकते, परंतु ते पाणी शोषून जड होते, सावकाश वाळते आणि दमट हवेत त्यावर बुरशी चढते. १९३५ साली नायलॉनचा शोध लागला आणि पुढे या धाग्याने कॅनव्हासची जागा घेतली. आजच्या बहुतेक सॅक नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या असतात.

कापडाच्या वर्णनात 'डेनिअर' हा शब्द आढळतो. ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या धाग्याचे डेनिअर. आकडा जितका मोठा तितका धागा जाड. सह्याद्रीचा बेसाल्ट खरखरीत आणि धारदार कंगोऱ्यांचा आहे. त्यावर १०० किंवा २०० डेनिअरचे पातळ कापड फार काळ तग धरीत नाही. अंगासाठी सुमारे ५०० डेनिअरचे आणि तळासाठी त्याहून जाड नायलॉन असलेली सॅक मध्यम वजनात पुष्कळ वर्षे टिकते. आकडा हाच एकमेव निकष मात्र मानू नये. विणीचा घट्टपणा आणि आतल्या बाजूचा लेप यांवरही टिकाऊपणा अवलंबून असतो. समान डेनिअरच्या कापडांत नायलॉन सामान्यतः पॉलिएस्टरपेक्षा घर्षणाला अधिक टिकते. पॉलिएस्टर मात्र उन्हाला अधिक चांगले तोंड देते.

कापड शाबूत असताना शिवण उसवल्यामुळे निकामी झालेल्या सॅक पुष्कळ दिसतात. म्हणून खरेदीच्या वेळी सॅक उलटी करून आतली शिवण पाहावी. टाके बारीक व एकसारखे आहेत का, कापडाच्या कडांना गोट लावला आहे का आणि खांद्याचे पट्टे जोडलेल्या जागी दुहेरी-तिहेरी शिलाई आहे का, हे तपासावे. धागा सुती नसावा. तो नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असावा.

चेन हा सर्वांत नाजूक भाग. धूळ आणि बारीक खडी शिरली की रनर अडकतो आणि ओढाताणीत दाते सुटतात. चेन घ्यायचीच असेल तर ती जाड, गुंडाळीच्या दात्यांची आणि कापडाच्या झडपेखाली झाकलेली असावी. नाडीने तोंड आवळून वर बक्कल लावण्याची जुनी पद्धत अधिक भरवशाची आहे. तिच्यातला कोणताही भाग गावातला शिंपी किंवा चांभार दुरुस्त करू शकतो.

संस्थांनी खरेदी करताना

शाळा, महाविद्यालये, क्रीडा मंडळे आणि स्थानिक बचाव पथके यांच्यासाठी एकगठ्ठा खरेदी होते, तेव्हा सर्वांत कमी दराचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र मागणीपत्रात केवळ 'पाठपिशवी, लहान' असे लिहिले, तर पुरवठादार जे देईल ते स्वीकारावे लागते. त्याऐवजी क्षमता लिटरमध्ये, रिकाम्या सॅकचे कमाल वजन, कापडाचा प्रकार व डेनिअर, दुहेरी तळ, शिलाईची पद्धत, अडकवण्यांची संख्या आणि काढता येणारा कमरपट्टा एवढ्या बाबी स्पष्ट नमूद कराव्यात. नमुना मागवून त्यात ८ किलो वजन भरावे आणि तो अडकवणीला टांगून हलवून पाहावा. कोणाला तरी हार्नेस व शिरस्त्राणासह तो पाठीवर घालायला लावून हात वर करायला व वर पाहायला सांगावे. दहा मिनिटांच्या या तपासणीत बहुतेक दोष उघडे पडतात.

गडाच्या पायथ्याच्या पंचायतींचाही यात वाटा आहे. पाचनई, खिरेश्वर, बेलपाडा यांसारख्या गावांतून आरोहकांचे गट जातात. त्यांच्यावर संकट ओढवले तर सर्वप्रथम धावून जातात ते गावातील तरुण. गावात मार्गदर्शकाचे काम करणाऱ्यांपाशी भरलेली एक सॅक सज्ज असली, तर मदत पोहोचण्यातला वेळ वाचतो. तिच्यात पाणी, विजेरी, शिट्टी, मलमपट्टी आणि ऊबदार चादर असावी. कड्यावर आग्या मोहोळे असतात. त्यांचा मार्ग टाळण्याची सूचना देणारा गावकरीच असतो. माश्यांनी हल्ला केल्यास तोंड व मान झाकण्यासाठी सॅकमध्ये एक मोठा रुमाल असणे हितावह ठरते.

निगा आणि आयुष्य

चांगली सॅक दीर्घकाळ टिकते ती निगेने. मोहिमेहून परतल्यावर ती पूर्ण रिकामी करून झटकावी, सौम्य साबणाने हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. तीव्र ऊन नायलॉनला कमकुवत करते. कोकणातील दमट हवेत आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत बंद कपाटात ठेवलेल्या सॅकचा आतला लेप चिकट होऊन सोलला जातो. म्हणून ती हवेशीर जागी, तोंड उघडे ठेवून टांगावी. प्रत्येक मोहिमेपूर्वी खांद्याचे पट्टे, बक्कल आणि अडकवणी यांची शिवण बोटांनी चाचपून पाहावी. उसवलेले चार टाके घरी पाच मिनिटांत घातले जातात. तेच कड्याच्या मध्यावर घालता येत नाहीत.

सॅकमध्ये शेवटी एक रिकामी पिशवी असावी. वर नेलेल्या अन्नाची वेष्टने आणि बाटल्या खाली आणण्यासाठी तिचा उपयोग होतो. गड आणि कडे हे सर्वांचे समाईक धन आहे. त्यांच्या माथ्यावर कचरा सोडून परतणाऱ्याची चढाई अपुरीच म्हणावी लागेल.

साहसाची ओढ तरुणांच्या ठायी उपजतच असते. तिला शिस्तीची जोड देणे हे शिक्षकांचे, संघटकांचे आणि लोकप्रतिनिधींचे काम आहे. पाठीवरची सॅक कोणती असावी, हा प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु कोणत्या वस्तू न्यायच्या, किती पाणी लागेल, अंधार पडला तर काय करायचे, याचा विचार त्या निमित्ताने घरीच होतो. कड्याला हात लावण्यापूर्वी हा विचार करण्याची सवय ज्या तरुणाला लागली, तो स्वतः सुखरूप परततो आणि सहकाऱ्यांनाही सुखरूप परत आणतो.