हेल्मेटची ‘काच’ काच नसते

शनिवार पेठेतून नदीपात्रातल्या रस्त्याला लागणाऱ्या दुचाकी जरा उभे राहून पाहाव्यात. डोक्यावर हेल्मेट असते, पट्टा कधी लावलेला तर कधी नुसताच लोंबणारा, आणि काच कपाळावर चढवलेली. पात्रातली धूळ, पुढच्या टेम्पोने उडवलेली बारीक खडी, दिवेलागणीला उठणारे चिलटांचे थवे, सगळे थेट डोळ्यांत. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘काच खाली घेतली की दिसत नाही हो!’

पुण्यात हेल्मेटविरोधातला हा फार जुना मुद्दा आहे. १ जानेवारी २०१९ पासून शहरात सक्तीची अंमलबजावणी कडक झाली आणि तिच्याविरुद्ध मोर्चाही निघाला, तेव्हाही मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही यांच्या जोडीला ‘दिसत नाही’ हे होतेच. यातल्या ‘बाजूचे दिसत नाही’ या भागात फारसे तथ्य नाही. युरोपीय मानकानुसार हेल्मेटने नाकाच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंतची दृष्टी मोकळी ठेवावी लागते. माणसाचा डोळा बाजूला साधारण ९० ते १०० अंशांपर्यंतच पाहू शकतो. म्हणजे नीट बसणारे, प्रमाणित हेल्मेट बाजूचे काही झाकत नाही. पण ‘समोरचे धूसर दिसते’ अशी तक्रार असेल तर ती बहुतेक वेळा खरी असते. दोष मात्र हेल्मेटचा नसतो. तो असतो चार वर्षांत एकदाही न बदललेल्या, ओढणीने आणि रुमालाने घासून घासून पांढुरक्या झालेल्या काचेचा.

मुळात तिला काच म्हणण्यातच घोटाळा आहे. चांगल्या हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक १९५३मध्ये जर्मनी आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी तयार झाले. त्याचा मोठा गुण म्हणजे ते फुटण्याआधी वाकते. खडा आपटला तर काचेसारखे तुकडे होऊन डोळ्यांत जात नाहीत. सूर्याची बहुतांश अतिनील किरणेही ते अडवते. अवगुण एकच, पण मोठा. ते मऊ असते. म्हणून त्यावर कठीण लेपाचा एक पातळ थर दिलेला असतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणेच होय. एका वेळी काही जाणवत नाही. वर्षभर रोज एकदा पुसल्यावर जाणवते, आणि तेही रात्री.

दिवसा ओरखडे त्रास देत नाहीत, कारण सगळीकडे सारखाच उजेड असतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्या ओरखड्यांवर पडला की प्रकाश सरळ न जाता विखुरतो. डोळ्यातल्या दृष्टिपटलावर उजेडाचा एक झिरझिरीत पडदा पसरतो. काळे कपडे घातलेला पादचारी, न रंगवलेला गतिरोधक, दिवा नसलेली हातगाडी यांच्यात आणि रस्त्याच्या काळोखात मुळातच फरक थोडा असतो. तेवढाही तो पडदा गिळून टाकतो. मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला रात्री जे होते ते नेमके हेच. फरक इतकाच की तिथे धुके डोळ्यातल्या भिंगात असते. पन्नाशीनंतर भिंग थोडे गढूळ होऊ लागते, बाहुलीही अंधारात तरुणपणाइतकी उघडत नाही. अशा डोळ्यांपुढे ओरखड्यांची काच आली की दोन्ही धुक्यांची बेरीज होते. ‘हल्ली रात्री गाडी चालवायला नको वाटते’ असे म्हणणाऱ्या साठीच्या माणसाने डोळे तपासून घ्यावेतच, पण त्याआधी आपली काच उजेडासमोर धरून पाहावी.

ही तपासणी घरी करता येते. रात्री गाडी बाजूला लावून, उभ्याउभ्या, रस्त्याच्या दिव्याकडे एकदा काच वर करून आणि एकदा खाली घेऊन पाहावे. दिव्याभोवती चांदणीसारखे फाटे फुटले किंवा वलय दिसले, तर त्या काचेचे आयुष्य संपले. दुसरी परीक्षा परवान्याच्या अर्जातून उसनी घेता येते. त्यातल्या आरोग्यविषयक घोषणापत्रात विचारलेले असते, की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? सगळे जण तिथे न वाचताच ‘होय’ लिहितात. तीच परीक्षा काच खाली घेऊन, एकेक डोळा झाकून द्यावी.

काच वर ठेवून चालवणे हा त्यावरचा उपाय नाही. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, कॉर्नियाची, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि शरीरातल्या सर्वांत नाजूक संवेदना तिथे असतात. ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. त्या वेगाने चिलट डोळ्यात गेले की दोन्ही डोळे आपोआप मिटतात, पाणी येते, एक हात हँडल सोडून डोळ्याकडे जातो. दोन सेकंदांत बावीस मीटर आंधळेपणाने कापले जातात. पेठेतल्या गल्लीत बावीस मीटरमध्ये काय काय येऊ शकते, हे पुणेकराला सांगायला नको.

पुढचा भाग दुर्लक्षाचा असतो. कॉर्नियावरचा साधा ओरखडा एक ते तीन दिवसांत भरून येतो. पण आपल्या हवामानात, विशेषतः पावसाळ्यात आणि गवत, पाचोळा, उसाचे पान अशा वनस्पतिजन्य गोष्टींनी झालेल्या जखमेत बुरशी वाढू शकते. बुरशीचा अल्सर चिवट असतो. बरा झाला तरी पांढरा डाग, ज्याला जुनी माणसे ‘फूल पडले’ म्हणतात, मागे राहू शकतो. तो बाहुलीसमोर असला तर नजर जाते. रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानासमोरून जाताना ग्राइंडरचा लोखंडी कण डोळ्यात रुतला, तर त्याभोवती गंजाचे कडे धरते. म्हणून डोळ्यात काही गेले तर चोळू नये, रुमालाचे टोक फिरवू नये, तूप, मध किंवा गुलाबपाणी घालू नये. गाडी थांबवून भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. तरी टोचत राहिले, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणून घालणे सर्वांत घातक, कारण त्यांत स्टेरॉइड असेल तर एक दिवस बरे वाटते आणि आत बुरशीला मोकळे रान मिळते.

आता काच निवडण्याविषयी. दुकानात गडद काळ्या, निळसर आरशासारख्या, इंद्रधनुषी काचा मांडलेल्या असतात आणि तरुणांचा हात आधी तिकडे जातो. ज्याला एकच काच घ्यायची आहे त्याने पारदर्शकच घ्यावी. युरोपीय नियमांत रात्री वापरायच्या काचेतून किमान ८० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, अशी अट आहे. त्याहून गडद काचेवर ‘फक्त दिवसा वापरण्यासाठी’ असे छापावे लागते. आपल्याकडे तीच गडद काच लावून लोक सिंहगडावरून रात्री उतरतात. कात्रजच्या बोगद्यात भर दुपारी शिरले तरी हा प्रश्न येतो. उन्हातून अंधारात गेल्यावर डोळ्याला सरावायला काही मिनिटे लागतात, पूर्ण सराव व्हायला अर्धा तास, आणि बोगदा तर त्याआधीच संपतो. काळी काच त्या आंधळ्या क्षणांत भर घालते. पेठांतही हे छोट्या प्रमाणात घडते. पुलावरच्या लख्ख उन्हातून गाडी एकदम जुन्या वाड्यांच्या सावलीत शिरते आणि नेमके तिथे कुणीतरी दारातून रस्त्यावर पाऊल टाकत असते.

उन्हाचा त्रास मात्र खोटा नाही. कोथरूडहून पेठेत कामाला येणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी पूर्वेचे ऊन येते आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेचे. शनिवार पेठेतून हडपसरला जाणाऱ्याचेही तेच. उलट, पेठेत राहून कोथरूडला नोकरी करणाऱ्याच्या पाठीशी दोन्ही वेळा सूर्य! ज्यांच्या नशिबी समोरचे ऊन आहे त्यांनी पारदर्शक काचेच्या आत साधा गॉगल वापरावा किंवा आत खाली-वर सरकणारी काळी पट्टी असलेले हेल्मेट घ्यावे. अंधार पडला की दोन्ही क्षणात काढता येतात. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा असलेल्यांची तक्रार असते, की हेल्मेटमध्ये तो काळा होत नाही. चष्म्यात बिघाड नसतो. तो अतिनील किरणांनी काळा होतो आणि ती किरणे पुढच्या पॉलिकार्बोनेटनेच अडवलेली असतात. पोलराइज्ड गॉगलमधून याच काचेवर इंद्रधनुष्याचे ठिपके दिसतात. तेही प्लास्टिकमधल्या ताणामुळे, डोळ्याच्या आजारामुळे नव्हे.

पावसाळ्यात खरी कसोटी लागते. बाहेरून थेंब, आतून वाफ. उच्छ्वास उबदार आणि बाष्पाने भरलेला असतो. गार काचेला लागला की त्याचे दव होते. पुण्यात त्यात स्कार्फची भर पडते. नाकावरून घट्ट बांधलेला स्कार्फ प्रत्येक उच्छ्वास वरच्या दिशेला, सरळ काचेवर आणि चष्म्यावर पाठवतो. मास्कचेही तसेच. स्कार्फ बांधायचाच असेल तर तो नाकाखाली, हनुवटीवर ठेवावा. धुळीचे काम काच करते. हेल्मेटच्या हनुवटीजवळची हवेची खिडकी अनेकांनी विकत घेतल्यापासून उघडलेली नसते. ती उघडावी. सिग्नलला थांबल्यावर काच एक खाच वर करावी, निघताना पुन्हा खाली घ्यावी. चष्मा असेल आणि रोज लांबचा प्रवास असेल, तर आतून बसवायची जादा पट्टी मिळते, पिनलॉक नावाने ती ओळखली जाते. दोन थरांमध्ये हवा कोंडल्यामुळे आतला थर गार पडत नाही आणि दव धरत नाही. मात्र काचेवर ती बसवायच्या खुंट्या आहेत का, हे आधी पाहावे लागते. शाम्पू, बटाटा, टूथपेस्ट हे घरगुती प्रयोग टाळावेत. साबणाचा थर काही वेळ वाफ रोखतो, पण पावसात विरघळून डोळ्यांत उतरतो, आणि टूथपेस्टमधली घासणारी पूड ओरखडे घालवत नाही, कठीण लेपच घालवते.

बाहेरचे थेंब महामार्गावर वाऱ्याने उडून जातात. लक्ष्मी रस्त्याच्या वेगात ते जागेवरच बसतात. तिथे ओल्या बोटाने वरून खाली हलकेच निपटावे, तेही काच चिखलाने माखलेली नसताना. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो आणि पूर ओसरल्यावर तिथे गाळ राहतो. वाळल्यावर तो पिठासारखा उडतो. त्या आठवड्यात काचेला कोरडे फडके लावणे म्हणजे तिचा शेवटच. गणपती मिरवणुकीतल्या गुलालाचेही तसेच.

धुण्याची रीत सोपी आहे. आधी नळाखाली धरून धूळ नुसत्या पाण्याने वाहू द्यावी. वाळलेले किडे चिकटले असतील तर ओले मऊ फडके पंधरा-वीस मिनिटे काचेवर टाकून ठेवावे, ते आपोआप सुटतात. मग कोमट पाणी, भांड्याच्या सौम्य साबणाचा एक थेंब आणि बोटे, घासणी नको. पुन्हा पाणी, आणि स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्यावे. आरशाची काच पुसायचा फवारा, पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचे द्रव यांतले काही लावू नये. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात आणि ते लगेच दिसतही नाहीत. करोनाच्या दिवसांत लागलेली हेल्मेटवर सॅनिटायझर मारायची सवयही सोडावी. काच ठेवण्याची जागाही पाहावी. डिकीत किल्ल्या, पाना आणि तेच गाडी पुसायचे फडके यांच्यात कोंबलेल्या हेल्मेटची काच वर्षभर टिकत नाही.

बदलायची कधी? ओरखडा डोळ्यासमोरच्या भागात आला, काच पिवळी पडली, किंवा वर केलेली काच आपोआप खाली पडू लागली की लगेच. बहुतेक देशी हेल्मेटांच्या सुट्या काचा काही शे रुपयांत मिळतात. बेळगावसारख्या ठिकाणी हेल्मेटांचे मोठे कारखाने असल्याने पुण्यात माल सहज येतो. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट विकणे बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला ते मिळतेच. त्यातली काच काही वेळा ठिसूळ प्लास्टिकची असते आणि आपटल्यावर तिच्या अणकुचीदार कपच्या होतात.

दुकानात जाताना जुने हेल्मेट बरोबर न्यावे, कारण नावात एका अक्षराचा फरक असला तरी खाचा जुळत नाहीत. नवी काच हातभर लांब धरून तिच्यातून दाराच्या चौकटीसारखी सरळ रेषा पाहावी आणि काच हळूहळू सरकवावी. रेषा कुठे नागमोडी झाली तर ती काच परत करून दुसरी मागावी. दुकानदार कंटाळेल; पेठेतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचा चिकित्सकपणा नवीन नाही. काच बसवल्यावर वरची पारदर्शक संरक्षक फिल्म काढायला विसरू नये. नवेपणा टिकावा म्हणून ती महिनोन् महिने तशीच ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि ‘नव्या काचेतूनही दिसत नाही’ म्हणणाऱ्यांत तेच अधिक असतात.