मागच्या चाकांचे ब्रेक

नाशिककडून मुंबईला भाजीपाला नेणारी पिकअप गाडी रात्री इगतपुरी मागे टाकते आणि थोड्याच वेळात कसारा घाटाच्या माथ्याशी येते. मागच्या हौद्यात टोमॅटोचे क्रेट एकावर एक रचलेले असतात. त्यांवर ताडपत्री घालून ती दोरखंडाने आवळलेली असते. गाडी, माल आणि माणसे मिळून वजन तीन हजार किलोग्रॅमच्या घरात जाते. येथून पायथ्यापर्यंत रस्ता सुमारे तीनशे मीटर खाली उतरतो. चढणीवर परीक्षा असते ती इंजिनाची. उतारावर ती ब्रेकची असते. अशा गाडीच्या पुढच्या चाकात डोकावून पाहिले, तर आत लोखंडाची एक चकचकीत तबकडी दिसते. मागच्या चाकात मात्र तबकडी नसते. तेथे बिडाचे एक बंद भांडे असते. पहिल्याला डिस्क ब्रेक म्हणतात, दुसऱ्याला ड्रम ब्रेक. एकाच गाडीला दोन जातींचे ब्रेक कशासाठी, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा हे स्वाभाविक आहे.

ब्रेक गाडीची गती खाऊन टाकतो, असे बोलताना म्हटले जाते. वस्तुतः ऊर्जा कधी नाहीशी होत नाही. ती केवळ रूप पालटते. ब्रेक घर्षणाच्या साहाय्याने गतीचे रूपांतर उष्णतेत करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. तीन हजार किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला पूर्ण थांबविताना सुमारे ७ लक्ष ४० हजार जूल उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेत २० अंश सेल्सिअसचे सव्वादोन लिटर पाणी उकळू लागेल. वेग दुप्पट झाला की ही उष्णता दुप्पट न होता चौपट होते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. आणि घाटाचे गणित तर याहून कठीण आहे. तीनशे मीटर उंची उतरताना याच गाडीची सुमारे ८८ लक्ष जूल ऊर्जा कोठे तरी जावी लागते. म्हणजे सपाटीवर ताशी ८० च्या वेगातून बारा वेळा थांबण्याइतकी. त्यांतील काही भाग हवेचा विरोध आणि गिअरमध्ये ठेवलेले इंजिन घेते. उरलेला सर्व भार चार चाकांतील ब्रेकवर पडतो.

ड्रम ब्रेकची रचना ध्यानात येण्यासाठी एक पातेले उपडे धरून गरगर फिरत आहे अशी कल्पना करावी. त्याच्या आत दोन्ही हात घालून तळवे कडांवर दाबले, तर पातेले मंदावेल. ड्रममध्ये तळव्यांच्या जागी अर्धचंद्राच्या आकाराचे दोन ‘शू’ असतात. त्यांच्या पाठीवर घर्षणाचा जो थर बसविलेला असतो, त्याला गॅरेजातील कारागीर ‘लायनर’ म्हणतात. चालकाने पायाने दाबलेला दाब नळ्यांतील द्रवातून चाकापर्यंत येतो, दोन्ही शू फाकतात आणि ड्रमच्या आतील बाजूस घासतात. पाय उचलताच स्प्रिंगा त्यांना मागे ओढून घेतात.

या रचनेत एक मोठी गंमत आहे. खडबडीत जमिनीवर काठी पुढे तिरपी टेकवून ढकलू लागले, तर ती अधिकाधिक रुतत जाते. तीच मागे ओढीत नेली, तर सहज घसरत येते. ड्रममधील दोन शूंपैकी एक पहिल्या काठीसारखा वागतो. फिरता ड्रम त्याला स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून चालकाने दिलेल्या दाबापेक्षा कितीतरी अधिक दाबाने तो घासतो. गाडी जणू आपल्याच गतीने आपला ब्रेक आवळते! थोड्या श्रमात मोठे काम होते, ते यामुळे.

डिस्क ब्रेक समजण्यास सायकल पुरते. सायकलच्या चाकाची कड दोन रबरी तुकडे दोन्ही बाजूंनी पकडतात; डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी दोन ‘पॅड’ चिमट्यासारखी धरतात. येथे काठीचा तो गुण नाही. जेवढा दाब द्यावा तेवढेच घर्षण मिळते. म्हणून पायाला अधिक जोर लावावा लागतो किंवा इंजिनाच्या निर्वाताची मदत घ्यावी लागते. परंतु तबकडी उघड्या हवेत फिरते. पुढच्या चाकांतील तबकड्या तर बहुधा दोन थरांच्या असून त्यांच्या मधून वारा खेळतो, त्यामुळे त्या लवकर निवतात.

या दोन्ही कल्पना जवळजवळ एका वयाच्या आहेत. फ्रान्समधील लुई रेनो यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेकला आजच्या जवळचे रूप दिले आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. लँचेस्टर यांचे पॅड तांब्याचे होते. ते लवकर झिजत आणि कर्कश किंचाळत. कल्पना चांगली, पण तिला साजेसे द्रव्य हाताशी नाही, अशी अवस्था होती. पुढे १९५३ मध्ये फ्रान्समधील ‘ल मां’ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार गाडी पहिली आली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. पन्नास वर्षे बाजूला पडलेली तबकडी मग हळूहळू मोटारींच्या पुढच्या चाकांत जाऊन बसली.

पुढच्याच चाकांत का? एस. टी. गाडी एकाएकी थांबली की उभे उतारू पुढे झुकतात. गाडीच्या वजनाचेही तसेच होते. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी पडतात. त्यामुळे थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढचे ब्रेक उचलतात आणि तापतातही तेच. ज्याला अधिक तापायचे त्याला उघडी तबकडी, ज्याला कमी काम त्याला स्वस्त ड्रम, असा हा सरळ हिशेब आहे.

तथापि पिकअप गाडीत हा हिशेब इतका सरळ राहत नाही. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग फार हलका असतो. त्या वेळी मागच्या चाकांना ब्रेक जरा अधिक लागला, तर ती जागच्या जागी जखडतात, घसरू लागतात आणि गाडी आडवी होते. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर यात प्राण जाऊ शकतात. हीच गाडी मालाने भरली की मागच्या चाकांवर मोठा भार येतो, आणि आता त्यांना ब्रेक कमी लागला तर गाडी वेळेवर थांबत नाही. एकाच ब्रेकने सकाळी एका रीतीने आणि संध्याकाळी दुसऱ्या रीतीने वागावे, अशी ही मागणी आहे. त्यासाठी पुष्कळ गाड्यांत मागच्या आसाजवळ एक झडप बसविलेली असते. मालाच्या वजनाने गाडीचा मागचा भाग खाली बसला की एका दांडीच्या योगे ही झडप अधिक उघडते आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. युक्ती साधी, परंतु नामी आहे. काही मालक जास्त माल भरता यावा म्हणून मागे जादा पाटे बसवून घेतात. मग भरलेली गाडीही खाली बसत नाही, झडपेला ती अर्धी रिकामीच वाटते आणि नेमक्या वेळी मागचा ब्रेक कमी पडतो. नव्या गाड्यांत चाकांच्या गतीवर लक्ष ठेवणारी विजेची यंत्रणा ही वाटणी करते.

ड्रमचा खरा शत्रू उष्णता. बंद भांड्यातील उष्णता भिंतीतून झिरपूनच बाहेर पडू शकते. घाटात पाय ब्रेकवरून न उचलता गाडी उतरविली, तर ड्रम तापतो आणि प्रसरण पावतो. म्हणजे शूपासून दूर जातो. लायनरचे घर्षणही तापल्यावर घटते. येथे तो काठीचा गुण उलटतो: घर्षण थोडे घटले की स्वतःला आवळण्याची शक्तीही घटते आणि ब्रेक अपेक्षेहून अधिक दुबळा होतो. डिस्क तापते तेव्हा तीही फुगते, पण पॅडच्या दिशेने; आणि हवा तिची उष्णता लवकर नेते. पॅडही अतिशय तापले तर दुबळे होतात, परंतु ती वेळ उशिरा येते.

आणखी एक धोका दोहोंना सारखाच आहे. ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, तो द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. नेहमीच्या ‘डॉट ३’ जातीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. असा जुना द्रव घाटात उकळला, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. आणि चालकाचा पाय तळाला टेकला तरी चाकाला काही कळत नाही. द्रव वेळच्या वेळी बदलण्याचा खर्च थोडा असतो, म्हणूनच बहुधा तो पुढे ढकलला जातो.

असे असता ड्रम अद्याप टिकून का आहे? त्याची किंमत कमी, हे एक कारण. दुसरे कारण हँडब्रेक. भरलेली गाडी उतारावर उभी करायची असेल, तर तारेने ओढला जाणारा ड्रमचा शू ते काम उत्तम करतो. मागे डिस्क असलेल्या कित्येक गाड्यांत हँडब्रेकसाठी तबकडीच्या पोटात एक छोटा ड्रम बसवावा लागतो, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. तिसरे कारण चिखल. पुढच्या चाकांनी उडविलेली वाळू व खडी मागच्या चाकांवर येते. उघड्या तबकडीला ती ओरखडे पाडते, बंद ड्रमला सहसा लागत नाही. ओढ्यातून गाडी नेली तर मात्र पारडे फिरते. तबकडी पाणी झटकून टाकते. ड्रममध्ये शिरलेले पाणी लायनर सुकेपर्यंत त्रास देते आणि शिरलेला गाळ साफ केल्यावाचून जात नाही.

या वादाचा खरा आखाडा अमेरिका होय. तेथे मध्यम आकाराच्या पिकअप गाड्या शेतकऱ्यांइतक्याच हौशी प्रवाशांनाही प्रिय आहेत. निसानच्या फ्रंटियर गाडीला २००५ पासून आणि शेव्हरोलेच्या कोलोरॅडोला २०१५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. अमेरिकेत २०१९ मध्ये परत आलेल्या फोर्ड रेंजरनेही तोच मार्ग धरला. परंतु या वर्गातील सर्वांत लोकप्रिय अशी टोयोटाची टॅकोमा २०२३ पर्यंत मागे ड्रमच वापरीत राहिली. तिच्यावर टीका होई. तरी तिचे चाहते ड्रम फार काळ टिकतात आणि त्यांना देखभाल थोडी लागते, असे उत्तर देत. २०२४ च्या नव्या टॅकोमात मात्र मागेही डिस्क आली. याउलट २०२२ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या टोयोटाच्या हायलक्समध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम, अशीच योजना होती.

यावरून ड्रमचे दिवस संपले असे म्हणावे, तर एक उलटे उदाहरण समोर येते. फोक्सवॅगन कंपनीने विजेवर चालणाऱ्या आपल्या ‘आयडी. ३’ आणि ‘आयडी. ४’ या मोटारींना मागे जाणूनबुजून ड्रम बसविले. विजेची मोटार वेग कमी करताना ती गती परत विजेत साठविते. घर्षणाचा ब्रेक तिला क्वचितच लागतो. न वापरलेली उघडी तबकडी गंजते, बंद ड्रम गंजापासून पुष्कळसा सुरक्षित राहतो. ज्याची हेटाळणी झाली, त्याला अशा रीतीने नव्या यंत्रात जागा मिळाली. कोणता ब्रेक श्रेष्ठ, हे गाडी कोणते काम करणार यावरच ठरते. वारंवार जड माल घेऊन लांब उतार उतरणाऱ्या गाडीला मागेही डिस्क असणे हितावह, यात संशय नाही. गावोगाव कच्च्या वाटेने फिरणाऱ्या गाडीला ड्रम वाईट नाही.

कसाऱ्याच्या माथ्यावर अनुभवी चालक आधीच खालचा गिअर टाकतो, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून उतरणारा दोन गोष्टी गमावतो: इंजिनाची ती ओढ आणि ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत. इंजिन बंद झाल्यावर ही मदत एकदोनदा ब्रेक दाबण्यापुरतीच शिल्लक उरते. जाणता चालक ब्रेक थोडा वेळ नेटाने लावतो, मग सोडून देतो, म्हणजे ड्रमला निवण्यास अवसर मिळतो. तरीही पायथ्याशी करपट वास आलाच, तर तो गाडी बाजूला घेतो, त्याचा सोबती चाकाला उटी लावतो आणि दोघे चहा पिऊन घेतात. तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण बीड एकाएकी थंड झाले की तडकते, आणि ती बारीक चीर पुढच्या उतारापर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही.