जुनं दुखणं आणि रोजची पाच मिनिटं

बोट कापलं की दुखतं, जखम भरली की थांबतं. ती शरीराने दिलेली धोक्याची सूचना असते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याचं तसं नसतं. पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी होऊन सूचना देतच राहते. झोप मोडली, काळजी वाढली, माणूस एकटा पडला की दुखणं आणखी चढतं.

25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी आली आणि हे सगळं एकदमच घडलं. इथे उरणला मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच थांबली, एसटी थांबली. करंजा गावातल्या मासळी विकणाऱ्या एक मावशी जुन्या कंबरदुखीसाठी माझ्याकडे येत. त्यांचा फोन आला तेव्हा मी घाईत म्हणालो, "घरीच आहात, तर विश्रांती घ्या."

तीन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, बसून बसून कंबर दगड झाली." शेजारणीकडच्या वेदनाशामक गोळ्याही त्या रोज घेत होत्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास. अशा गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. माझा सल्लाच चुकला होता.

टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी केंद्र सरकारने फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले होते. मात्र ट्रामाडॉलसारखी औषधं फोनवरून लिहून देण्यास त्यात मनाई होती. तेव्हा भर हालचालीवर आणि बोलण्यावर दिला. अंगणात दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं चालायचं. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, दुखलं म्हणून अजिबात बंद नाही. काही दिवसांनी एकेक मिनिट वाढवायचं. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी मी फोन करायचा. दोन महिन्यांत गोळ्या सुटल्या.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. कोविडनंतर थोड्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी गळून जाणाऱ्यांनी चालणं असं वाढवू नये. आणि पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालय गाठावं.

12 जानेवारी 2024 रोजी उरणच्या लोकलचं आणि अटल सेतूचं उद्घाटन झालं. मुंबई जवळ आली, तरी माझे ते फोन चालूच आहेत. मावशींची कंबर अजून दुखते. पण त्या पुन्हा बाजारात बसतात, आणि तासाभराने उठून चार पावलं चालून येतात.