टेप, पदर आणि बहात्तरचा दुष्काळ

“मावशी, वय किती लिहू?”

“लिही पन्नास.”

गंगाखेड तालुक्यातल्या एका ओसरीवर आशाताई सी-बॅकचा, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका ओळखायचा, फॉर्म भरत होत्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी नंबर. पन्नास ऐकून ताईंचा पेन थांबला. “बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होता?” “माय खडी फोडायला जायची, मी झोळीत.” म्हणजे तिपन्न-चोपन्न. तेच लिहिलं.

आपल्याकडे वय शून्य-पाचवर येऊन टेकतं. जनगणनेच्या आकड्यांतही चाळीस, पंचेचाळीस, पन्नासला सुळके दिसतात. शुगर कोणत्या वयात वाढते हे शोधणाऱ्याला ते नडतात, आणि नोंदी कोटींच्या घरात गेल्या तरी बुजत नाहीत. फॉर्म सरकारी पोर्टलवर चढला की तिथल्या आकड्याला दुष्काळ विचारता येत नाही. तो ओसरीवरच विचारावा लागतो.

मग टेप. बायकांना ऐंशी सेंटिमीटरपर्यंत शून्य, नव्वदच्या वर दोन गुण. टेप परकराच्या गाठीवरून गेला तर गुण बदलू शकतो, म्हणून ताई मावशींना आत खोलीत नेऊन मापतात. वेळ जातो खरा. “आठवड्यात दीडशे मिनिटं व्यायाम होतो का?” यावर मावशी हसल्या: “दिसभर खुरपते, ते धरता का?” (धरायलाच हवं.)

पण टेप कितीही नीट धरला तरी कुलूप लावलेल्या घराचं माप निघत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडं कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात गावात जे भरलं जातं, ते मागे राहिलेल्यांचं. शेजारच्या बीडमध्ये 2019 साली ऊसतोड बायकांनाच मुद्दाम गाठून विचारलं, तेव्हा ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढल्याचं समोर आलं. ऑपरेशनं आधीच झालेली होती, वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरलेली. एकत्र मोजली नव्हती इतकंच.

म्हणून मोठ्या डेटावर काम करणाऱ्यांनी नव्या संगणकाच्या आधी आशाताईंची वही मागावी. त्यात बंद घरांपुढे पेन्सिलीनं लिहिलंय: ‘कारखान्यावर, पाडव्यानंतर’.