पाटीवर नसलेला आकडा

डलस विमानतळावर पाहुण्यांना आणायला-सोडायला जाणं हा व्हर्जिनियात राहणाऱ्या आपल्या मंडळींचा जुनाच उद्योग. वेळ हाताशी असला, की बॅगा गाडीत ठेवून शेजारच्या उडवार-हेझी सेंटरमध्ये चक्कर मारायची, हा त्याचाच पुढचा भाग. काही वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू भारतात परत निघाले, तेव्हा हातात तीन तास होते. दादा साताऱ्याला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सोबत आमचा दहा वर्षांचा नातू. काँकॉर्ड झालं, स्पेस शटल झालं, आणि आम्ही एका चकचकीत, अवाढव्य बॉम्बर विमानासमोर येऊन उभे राहिलो. नाकाजवळ काळ्या अक्षरांत नाव : एनोला गे. वैमानिक पॉल टिबेट्स यांच्या आईचं नाव. याच विमानाने 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला.

दादांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. "माणसं किती गेली, ते कुठे लिहिलंय?" त्यांनी विचारलं. लिहिलेलं नव्हतं. आम्ही काही बोलायच्या आत नातू म्हणाला, "पण आजोबा, त्याच्यामुळेच वॉर संपली ना? नाहीतर एक मिलियन लोक मेले असते. टीचरने सांगितलंय."

दादा म्हणाले, "बाळा, भूमितीत आधी पक्ष लिहितात, मग साध्य. पक्षच चुकला तर सिद्धता कितीही देखणी असली तरी मार्क मिळत नाहीत. तुझ्या गणितात पक्ष काय दिलाय, ते आधी बघू."

तेवढ्यात चेक-इनची वेळ झाली आणि बघायचं राहून गेलं. दादा गेले, पण प्रश्न आमच्याकडेच राहिला.

ती पाटी कोरी राहिली, ती विसरून नव्हे. बॉम्बला पन्नास वर्षं झाली, तेव्हा वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस म्युझियमने मोठं प्रदर्शन ठरवलं होतं. त्यात विमानाबरोबर हिरोशिमाच्या लोकांच्या वस्तूही मांडायच्या होत्या. युद्ध लढलेल्या सैनिकांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला आणि जानेवारी 1995 मध्ये तो बेत रद्द झाला. मे महिन्यात म्युझियमचे संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला. पुढे डिसेंबर 2003 मध्ये अख्खं विमान डलसजवळ मांडलं, तेव्हा मृतांचा उल्लेख नाही म्हणून पुन्हा निषेध झाला. म्युझियमने पाटी बदलायला नकार दिला.

तर आता पक्ष मांडून बघू या. ते ‘एक मिलियन’ लोकांच्या मनात बसले, ते मुख्यतः माजी युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांच्या फेब्रुवारी 1947 मधल्या लेखामुळे. जपानवर स्वारी केली असती तर एकट्या अमेरिकन फौजेच्या दहा लाखांवर ‘कॅज्युअल्टी’ होतील असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, असं त्यांनी लिहिलं. कॅज्युअल्टी म्हणजे मृत आणि जखमी मिळून. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाता जाता जखमी गळून पडले आणि दहा लाख मृत तेवढे उरले.

दुसरी बाजू अगदीच खोटी होती, असंही नाही. ओकिनावाच्या लढाईत बारा हजारांवर अमेरिकन सैनिक मेले होते. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात जपानी अमलाखाली रोज माणसं मरत होती. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या कैदेत सापडलेल्यांत हजारो भारतीय सैनिकही होते. अशा कैद्याला बॉम्बची बातमी सुटकेची वाटली असेल, तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण?

पण या गणितात पर्याय दोनच धरलेत : बॉम्ब नाहीतर स्वारी. स्वारी ठरली होती 1 नोव्हेंबरला. मध्ये जवळजवळ तीन महिने होते. सोव्हिएत रशियाने 8 ऑगस्टला जपानविरुद्ध युद्ध पुकारलं. जेम्स फ्रँक यांच्या समितीने जूनमध्येच सुचवलं होतं, की आधी एखाद्या निर्मनुष्य जागी स्फोट करून दाखवावा. जुलैत लिओ झिलार्ड यांच्या अर्जावर बॉम्बच्या प्रकल्पातल्याच सत्तर शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. तो अर्ज अध्यक्ष ट्रुमन यांच्या हाती पोचलाच नाही. बॉम्बशिवाय जपान शरण आलं असतं का, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही.

आम्हांला वाटतं, पक्षातली खरी चूक याहून साधी आहे. ट्रुमन यांनी 25 जुलैच्या डायरीत लिहिलं, की लक्ष्य लष्करी असेल, बायकामुलं नव्हेत. 9 ऑगस्टच्या रेडिओ भाषणात त्यांनी हिरोशिमाला लष्करी तळ म्हटलं. तिथे सैन्याचं एक मुख्यालय होतं, हे खरं. पण शहरात सुमारे साडेतीन लाख माणसं होती आणि बॉम्ब फुटला भर वस्तीवर, सकाळी सव्वाआठला. आग पसरू नये म्हणून घरं पाडून पट्टे मोकळे करायच्या कामावर त्या वेळी बारा-तेरा वर्षांची शाळकरी मुलं उघड्यावर उभी होती. असे सुमारे सहा हजार विद्यार्थी गेले. वर्षअखेरपर्यंत शहरात सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं मेली. तीन दिवसांनी दुसरा बॉम्ब पडणार होता कोकुरावर. तिथे आकाश झाकोळलेलं होतं म्हणून विमान नागासाकीकडे वळलं आणि तिथे सुमारे सत्तर हजार माणसं गेली.

10 ऑगस्टला ट्रुमन यांनी आपल्या हुकुमाशिवाय तिसरा बॉम्ब टाकू नये असं ठरवलं. आणखी एक लाख माणसं, आणि ती सगळी मुलं, हा विचार सोसवत नाही असं ते मंत्रिमंडळात म्हणाल्याची नोंद हेन्री वॉलेस यांच्या डायरीत आहे. म्हणजे मुलं दिसली, पण चार दिवस उशिरा.

कोणी म्हणेल, मार्च 1945 मध्ये टोकियोत साध्या आगीच्या बॉम्बनेही एका रात्रीत लाखभर माणसं मेली, मग अणुबॉम्बचंच एवढं काय? एक तर त्याने ते योग्य ठरत नाही. दुसरं म्हणजे हा बॉम्ब फुटून संपला नाही. हिरोशिमातले नव्वद टक्के डॉक्टर आणि नर्सेस मेले किंवा जखमी झाले. जखमींनी जायचं कुठे? सादाको सासाकी तेव्हा दोन वर्षांची होती. ती वाचली, आणि 1955 मध्ये बाराव्या वर्षी ल्युकेमियाने गेली. तिच्या कागदी पक्ष्यांची गोष्ट आपली मुलं इथल्या शाळेत वाचतात.

आता आमची कबुली. मे 1998 मध्ये पोखरणची बातमी आली, त्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये पंचवीस-तीस मंडळी जमली होती. पेढे आम्हीच वाटले. "आता कळेल त्यांना!" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसलो. देशाच्या शास्त्रज्ञांचा अभिमान वाटण्यात गैर काहीच नव्हतं. पण ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे एकानेही विचारलं नाही. महिना संपायच्या आत पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. कराची-लाहोरच्या नावासमोर मुंबई-पुण्याची नावंही मांडली गेली, म्हणजे आमच्याच आई-वडिलांची. त्या दिवशी आमच्याही पाटीवर आकडा नव्हता.

आज दोन्ही देशांकडे प्रत्येकी दीडशेहून जास्त अण्वस्त्रं आहेत. 2022 मधल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की या दोघांत अणुयुद्ध झालं तर आगींची काजळी आकाशात चढून सूर्य झाकेल, पिकं बुडतील आणि जगभरात दोनशे कोटींवर माणसं उपासमारीने मरू शकतील. आम्हांला महाभारतातलं सौप्तिक पर्व आठवलं. अर्जुन आणि अश्वत्थामा दोघांनीही अस्त्र सोडलं. अर्जुनाला आपलं मागे घेता आलं. अश्वत्थाम्याला आलं नाही, आणि ते पोटातल्या बाळावर गेलं. त्याच पर्वात म्हटलंय, की असं अस्त्र दुसऱ्या अस्त्राने जिथे निवारलं जातं, तिथे बारा वर्षं पाऊस पडत नाही. अश्वत्थामा जखमेला तेल मागत हिंडतो ही गोष्ट आजीने सांगितली होती. पावसाचं मात्र आम्ही विसरलो होतो.

हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला 2024 चं शांततेचं नोबेल मिळालं. 2025 मध्ये या लोकांची संख्या प्रथमच एक लाखाच्या खाली आली. डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारे आता फार दिवस नाहीत.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी पाहुण्यांना सोडायला डलसला जाल, तेव्हा मुलांना बरोबर न्या. विमान दाखवा, पाटी त्यांनाच वाचू द्या. ते म्हणतील, यामुळेच तर वॉर संपली. रागावू नका. सहा हजार शाळकरी मुलांचं तेवढं सांगा, आणि मग त्यांना गणित पुन्हा मांडायला सांगा. आम्ही नातवाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादाआजोबांना फोन लाव."